बरडावरच्या बियांचा अभ्यासक : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

सोयाबीनचे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला एम.ए.सी.एस. ही अक्षरे अपरिचित नसतात. वाणाच्या क्रमांकाआधी ती छापलेली असतात. गव्हाच्या काही वाणांच्या नावांतही ती आढळतात. ही अक्षरे म्हणजे एका संस्थेच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. मराठीत त्या संस्थेला महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी असे सुटसुटीत नाव आहे. ती १९४६ साली पुण्यास स्थापन झाली. तिच्या स्थापनेमागे ज्यांची चिकाटी होती ते डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर होत. त्यांचे नाव मात्र बियाण्याच्या पिशवीवर नसते. पुण्यात चौकशी केली तर घोटाळा अधिकच वाढतो. त्यांच्या नावाने आज ओळखली जाणारी संशोधन संस्था नेमकी गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाच्या रस्त्यावर उभी आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित माणसे दोघांना एकच समजून पुढे जातात. सुधारककार आगरकर १८९५ साली वारले. त्या वेळी आघारकर दहा वर्षांचे होते.

आणखी एक विसंगती सांगावयास हवी. ज्या बरड जमिनी मोडून आपल्याकडे गेल्या काही दशकांत सोयाबीन पेरले गेले, त्या बरडांवरील गवत आणि रानफुले हाच आघारकरांच्या पहिल्या प्रेमाचा विषय होता. पांढुर्णा आणि सौंसर या बाजूच्या वाचकांस बरड म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे कारण नाही. वर मुरूम, खाली काळा दगड, मधे चार बोटे माती, आणि पोळ्याच्या सुमारास त्याच चार बोटे मातीत तेरडा, कुर्डू, मुसळी, खड्यानाग यांची अशी गर्दी की ढोरक्याने पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडावा. सरकारी दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात. हा शब्द किती चुकीचा आहे हे ज्या शास्त्राने पुढे दाखवून दिले, त्या शास्त्राचा पाया आपल्या देशात घालणाऱ्यांत आघारकरांची गणना करावी लागेल.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मालवण म्हटले की आपणांस समुद्र, किल्ला आणि मासे आठवतात. पण मालवणच्या पाठीशी जांभ्या दगडाचे सपाट सडे पसरलेले आहेत. उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखे दिसणारे हे सडे मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवसांत हिरवे होतात, आणि श्रावण-भाद्रपदात त्यांवर गेंदांचे पांढरे ठिपके व सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे उमटतात. याच तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने दगडात कोरलेली चित्रे आहेत. म्हणजे हा उघडा कातळ आजकालचा, कोणी झाडे तोडल्यामुळे झालेला, असा नव्हे. कोरणाऱ्याला चित्र कोरण्यासाठी मोकळा दगड त्या काळीही मिळत होता.

आघारकर मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १९०९ साली एम.ए. झाले आणि तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा सर्वांत मोठा संदर्भग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध होऊन नुकताच पुरा झाला होता. पुष्कळ प्राध्यापकांनी तो कपाटात ठेवून त्यावर आयुष्य काढले असते. या तरुण प्राध्यापकाने सुट्ट्यांत सह्याद्रीची वाट धरली. साताऱ्याच्या बाजूस कोयना आणि वेण्णा यांच्या खोऱ्यांत ते हिंडले. वनस्पती, प्राणी, पाण्यातले स्पंज, जे दिसेल ते टिपावे आणि बाटलीत भरावे असा त्यांचा खाक्या होता.

या भटकंतीत १९११ साली एक अजब गोष्ट त्यांच्या हाती लागली. उन्हाळ्यात नदीचा ओघ तुटून डोह उरतात, त्या डोहांच्या गोड्या पाण्यात जेमतेम पेराएवढ्या, काचेसारख्या पारदर्शक छत्र्या तरंगताना त्यांना आढळल्या. ते जेलीफिश होते. जेलीफिश समुद्रात असतात हे मालवणच्या मुलाला कोणी सांगावयास नको. पण सह्याद्रीच्या डोहात? या वंशाचे जेलीफिश तोवर आफ्रिकेतील टांगानिका सरोवर आणि तिकडचीच काही जलाशये एवढ्याच ठिकाणी ठाऊक होते. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्याचे वर्णन करून त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले, आणि विलायतेच्या नेचर साप्ताहिकातून ही वार्ता जगभर गेली. आफ्रिकेतील प्राणी साताऱ्यात कसा, हा प्रश्न त्या वेळी मोठा होता. खंडे एकमेकांपासून सरकली असावीत ही आपली कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी जर्मनीत प्रथम मांडली ती १९१२ च्या जानेवारीत, म्हणजे याच सुमारास. कोणता जीव कुठे राहतो, तेथे तो कसा पोहोचला आणि मुळात कुठून आला, हे तीन प्रश्न या डोहातून आघारकरांच्या मागे लागले आणि त्यांनी पुढे त्यांचा पाठलाग वनस्पतींच्या मुलखात केला.

वेण्णेच्या खोऱ्यातून दक्षिणेस मान वर करून पाहिले की जो डोंगराचा दांडा दिसतो, त्याच्या माथ्यावर कासचे पठार आहे. आज तेथे मोटारींची रांग लागते. हे पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे. जांभ्याचे कठीण कवच, त्यावर काही ठिकाणी बोटभर तर काही ठिकाणी तेवढीही नाही अशी माती, आणि पावसात त्यावर साचणारे पाणी. या पाण्यात व मातीत नत्र इतका कमी असतो की सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पतींना किडे पकडून आपली भूक भागवावी लागते. झाडाची मुळे येथे आत शिरू शकत नाहीत. ज्या वनस्पतीला तीन-साडेतीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळे होता येते, किंवा जिला कंदाच्या रूपाने जमिनीखाली झोपता येते, तिचाच येथे निभाव लागतो. सोनकी, तेरडा, गेंद, कवला, वायतुरा, कंदीलपुष्पे ही सारी याच दोन पंथांची मंडळी होत. टोपली कारवीचा पंथ निराळा. ती सात वर्षांतून एकदा सामुदायिक रीतीने फुलते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गरिबी ही या फुलांची शत्रू नसून रक्षक आहे. माती सुपीक झाली की दोन-चार जोमदार गवते उंच वाढतात आणि बाकीच्यांचा प्रकाश खाऊन टाकतात. इंग्लंडात रॉदॅमस्टेड येथे १८५६ सालापासून एका कुरणावर हा प्रयोग सतत चालू आहे. एका पट्ट्यात काहीच घालावयाचे नाही, दुसऱ्यात दरवर्षी नत्रखत, असे त्याचे तुकडे पाडलेले आहेत. बिनखताच्या पट्ट्यात आजही चाळीसेक जातींच्या वनस्पती नांदतात. जेथे नत्राचा भरपूर मारा झाला तेथे बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आम्हां गाण्याच्या माणसांना हे लवकर पटते. मैफलीत एका वाद्याला ध्वनिवर्धक जोडून दिला की साथीला कोण कोण बसले होते हे श्रोत्याला कळेनासे होते.

१९१३ साली सर रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठास दहा लाख रुपयांची देणगी दिली. तीतून चार अध्यासने निर्माण झाली. त्यांतले एक वनस्पतिशास्त्राचे, आणि तेही शेतीशी विशेष संबंध राखून. सर आशुतोष मुखर्जी त्या काळी कुलगुरू होते. माणसे हेरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. या अध्यासनावर त्यांनी बंगालबाहेरच्या, अद्याप तिशीही न ओलांडलेल्या मराठी माणसाची योजना केली आणि पुढील अभ्यासासाठी त्यांना परदेशी पाठविण्याचे ठरविले. वर्ष होते १९१४. आघारकरांनी बर्लिन निवडले.

बर्लिनला अ‍ॅडॉल्फ एंग्लर होते. वनस्पतींच्या कुळांची मांडणी आणि त्यांचा भौगोलिक विस्तार या विषयांत त्या वेळी जगात त्यांच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. बर्लिनच्या डालेम उपनगरात त्यांनी नवे वनस्पति-उद्यान उभारले होते, आणि त्याची रचना नेहमीच्या बागेसारखी नव्हती. तेथे कृत्रिम टेकड्या आणि खडक रचून आल्प्स, कॉकेशस, हिमालय अशा प्रदेशांची वनराजी त्या त्या प्रदेशाच्या क्रमाने लावलेली होती. डोंगरावरचे फुलांचे कुरण हाताने पुन्हा उभे करावयाचे तर खडक कसा, उतार कोणत्या दिशेला, पाणी किती, याचा हिशेब काय लागतो हे तेथे चालता-चालता शिकावयास मिळे. साताऱ्याचे सडे डोळ्यांत साठवून आलेल्या माणसाला यापरती शाळा कोणती?

पण ही शाळा सुरू होते न होते तोच महायुद्ध पेटले. हिंदुस्थानी विद्यार्थी ब्रिटिश बादशहाचे प्रजाजन, म्हणून जर्मनीच्या लेखी ते शत्रूपक्षाचे ठरले. आघारकरांना स्थानबद्ध व्हावे लागले. घोष अध्यासनांपैकी पदार्थविज्ञानाच्या अध्यासनावर नेमलेले देवेंद्रमोहन बोस हेही त्याच वर्षी बर्लिनला आले होते आणि तेही युद्ध संपेपर्यंत तेथेच अडकले. कलकत्त्यास अध्यासने आहेत, प्राध्यापकांची नावे आहेत, आणि प्राध्यापक मात्र शत्रूच्या राजधानीत, असा तो प्रकार होता. पुढे आघारकरांची सुटका होऊन त्यांना एंग्लरांपाशी काम करण्याची मुभा मिळाली. युद्धाच्या त्या उपासमारीच्या दिवसांत, घरापासून हजारो कोस दूर, हा गृहस्थ हिंदुस्थानच्या कोरड्या प्रदेशातील बिया एकेक करून पाहत बसला होता. १९१९ साली बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि पुढील वर्षी तो प्रबंध एंग्लरांच्या वार्षिकात छापून आला.

प्रबंधाचा विषय होता वायव्य हिंदुस्थानातील अतिरुक्ष, अर्धरुक्ष आणि खाऱ्या जमिनीतील वनस्पतींची प्रसारसाधने आणि त्यांचे मूलस्थान. वाचताना शीर्षक कोरडे वाटते. पण माळरान, कुरण किंवा बरड पुन्हा जागे करावयाचे म्हटले की सारी मदार याच प्रश्नावर येऊन ठेपते. बी कसे हलते? ज्याचे बी वाऱ्यावर उडते ते दूरच्या मोडलेल्या रानातही आपण होऊन पोहोचते. ज्याचे बी गुराच्या अंगाला चिकटते ते गुरे फिरतात तेथवरच जाते. ज्याचे फळ उकलून बी दोन हातांवर पडते, त्या तेरड्यासारख्या वनस्पतीला एकदा नांगराने उपटले की शेजारच्या शेतापर्यंत यायलाही पुष्कळ वर्षे लागतात. आणि जिचा कंद जमिनीत आहे, ती कंद खणला गेला की संपली. म्हणून बरड पडीत टाकले म्हणजे ते आपोआप पूर्ववत् होईल ही समजूत खरी नाही. वाऱ्याचे प्रवासी तेवढे परत येतात. बाकीच्यांस आणावे लागते.

बियांची कारागिरी पाहावयाची तर कुसळीचे उदाहरण घ्यावे. धोतराला, लुगड्याच्या काठाला चिकटून बेजार करणारी ही कुसळे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. कुसळाच्या टोकाला बी, त्यावर मागे वळलेली राठ लव, आणि मागे लांब शेपटी. ही शेपटी कोरड्या हवेत पिळ घेते आणि ओल लागली की पिळ उलगडते. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने ती आलटून पालटून फिरत राहते, आणि त्या फिरण्याने बी सामता फिरवावा तसे जमिनीत रुतत जाते. लव मागे वळलेली असल्यामुळे आत गेलेले बी बाहेर येत नाही. वणवा लागला तरी जमिनीखाली गेलेले बी वाचते. सुताराच्या हत्यारांच्या पेटीत जे शोभावे ते निसर्गाने एका काडीत बसविले आहे.

मायदेशी परतून आघारकर कलकत्त्यास रुजू झाले आणि १९४६ पर्यंत तेथेच राहिले. या पंचवीस-सव्वीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली, केळीच्या कुळातील रंगसूत्रांवर काम केले, आणि १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या संस्थापक सदस्यांत त्यांचे नाव आले. याहून मला त्यांचे एक छोटेसे काम महत्त्वाचे वाटते. बंगालचे खाल-बिल त्या काळी जलपर्णीने गुदमरून गेले होते. फुलाच्या मोहाने परदेशातून आणलेली ही वनस्पती नौका अडवी, भातशेतीत घुसे, मासे मारी. शेवटी १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्याआधी, १९३२ सालीच, आघारकरांनी एका सहकाऱ्यासह जलपर्णीवर रोग पाडणाऱ्या एका बुरशीची नोंद सायन्स काँग्रेसपुढे ठेवली होती. आगंतुक वनस्पतीला तिच्याच शत्रूकरवी आवरावयाचे, ही दिशा पुढे जगभर मान्य झाली आणि जलपर्णीवरच्या रोगांचा इतिहास लिहिताना ही नोंद आजही काढली जाते.

सेवानिवृत्तीनंतर मालवणला किंवा मुंबईस स्वस्थ बसावे असे वय झाले होते. एकसष्ट वर्षे उलटली होती. कलकत्त्यास डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली विज्ञानाच्या जोपासनेसाठी जी संस्था काढली तिचे कार्य आघारकरांनी जवळून पाहिले होते. रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध त्याच संस्थेत लावला. विद्यापीठाच्या परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत, फक्त संशोधन, अशी संस्था महाराष्ट्रात का नसावी या विचाराने काही विद्वान मंडळी एकत्र आली आणि १९४६ साली विज्ञानवर्धिनी निघाली. इंग्रजी नावही कलकत्त्याच्या नावाच्या धर्तीवरचे. संस्थापक-संचालक आघारकर झाले आणि १९६० साली अखेरचा श्वास घेईपर्यंत त्या पदावर राहिले. पैसा नव्हता, राजाश्रय नव्हता. संस्थानिकांचे दिवस संपत आले होते आणि नव्या सरकारची थैली अजून उघडावयाची होती. अशा संधिकाळात कला काय किंवा शास्त्र काय, दोघांचीही कशी ओढाताण झाली हे आपल्या शहरातील जुन्या घरांना सांगावयास नको. दरबार बरखास्त झाला त्या साली कित्येक बीनकार, सारंगिये यांच्यापुढे उद्याची चूल कशी पेटावी हा प्रश्न होता. आघारकरांनी त्याच काळात नवे घर बांधावयास घेतले.

जागा मात्र त्यांच्या विषयाला साजेशी मिळाली. लॉ कॉलेजच्या पाठीमागे भांबुर्ड्याच्या टेकड्या आहेत. याच भांबुर्ड्याच्या गवती रानावर पुण्याच्या शेतकी कॉलेजातील विल्यम बर्न्स आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी व गोडबोले यांनी महायुद्धानंतरच्या दशकात कुरणांचा अभ्यास केला होता. चराई अजिबात मोकळी ठेवली तर काय होते, कुरण बंद केले तर कोणते गवत आधी येते आणि त्याची जागा मागाहून कोणते घेते, पाळीपाळीने चारले तर चारा किती मिळतो, याची त्यांनी वर्षानुवर्षे मोजदाद केली. १९२५ साली त्यांचा मोठा अहवाल निघाला आणि १९३१ साली विलायतेच्या पर्यावरणशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने मोडलेल्या शेतजमिनीवर प्रेअरीचे कुरण पुन्हा उभे करण्याचा सुप्रसिद्ध प्रयोग १९३५ साली आरंभिला, आणि तेथे प्रेअरीला अधूनमधून आग हवीच असते हे चाळीसच्या दशकात सिद्ध झाले. त्याच्या दहा वर्षे आधी पुण्याच्या वेशीवर कुरणाचे शास्त्र मांडले जात होते हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आघारकरांच्या हयातीतच, १९५५-५६ च्या सुमारास, पुण्यात एका नव्या आगंतुकाची नोंद झाली. ते गाजर गवत. धान्याबरोबर परदेशातून आलेल्या या वनस्पतीने पुढे भांबुर्ड्यापासून सौंसरच्या रेल्वेरुळांपर्यंत सारा देश व्यापला. एका झाडाला हजारो बारीक बिया, आणि त्या चाकाला, चिखलाला, चाऱ्याला चिकटून निघतात. बर्लिनचा प्रबंध लिहिणाऱ्याने या बियांकडे पाहून प्रसाराचे साधन कोणते हे एका दृष्टिक्षेपात सांगितले असते.

२ सप्टेंबर १९६० रोजी डॉ. आघारकर निवर्तले. संस्था चालू राहिली. तिने गहू, सोयाबीन, द्राक्षे यांचे वाण काढले, आणि त्यामुळे ती शेतकऱ्यांच्या घरी पोहोचली. १९९२ साली संस्थेस संस्थापकाचे नाव देण्यात आले. तेथील वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहालाही त्यांचेच नाव आहे. या संग्रहात बसून नंतरच्या पिढ्यांनी सह्याद्रीचे सडे आणि माळ यांची जी मोजदाद केली, तीत आघारकरांची खरी वारसदारी आहे असे मला वाटते.

या कामाचे दोन दाखले देतो. पहिला कासचा नाही म्हटले तरी कटू आहे. पर्यटकांचे पाय फुलांवर पडू नयेत म्हणून सुमारे २०१२ साली, म्हणजे पश्चिम घाटास जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्या सुमारास, कासच्या पठाराभोवती जाळीचे कुंपण घातले गेले. हेतू चांगला होता. पण कुंपणाने माणसांबरोबर गुरेही थांबली. आजूबाजूच्या गावांतील म्हशी-गाई त्या पठारावर पिढ्यान् पिढ्या चरत आल्या होत्या. त्या थांबल्यावर गवत माजले, वाळून तेथेच कुजू लागले, आणि ठेंगण्या फुलांची जागा आक्रसू लागली अशी तक्रार गावकऱ्यांनी केली, अभ्यासकांनीही बोलून दाखविली. पुढे ते कुंपण काढून टाकावे लागले. चराईशिवाय फुले वाढतील हा तर्क घरगुती बागेचा होता, सड्याचा नव्हे. चराई किती हवी आणि कोणत्या महिन्यात हवी, हे मात्र प्रत्येक पठारावर निराळे मोजावे लागेल.

दुसरा दाखला तळेगाव दाभाडेच्या माळावरचा. आघारकर संस्थेच्या अभ्यासकांनी तेथे डिक्लिप्टेरा वंशातील एक नवी वनस्पती शोधली आणि २०२४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळा सरल्यावर, आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, माळावर वणवा फिरून गेल्यानंतर. जमिनीत तिचा काष्ठमय बुंधा जळता जळता वाचतो आणि त्यातून बुटके फुलोरे वर येतात. आगीची इतकी सवय एखाद्या वनस्पतीस चार-दोन शतकांत होत नाही. तो माळ फार पुरातन असला पाहिजे. आपल्या जुन्या मराठी वाङ्मयात, महानुभावांच्या चरित्रांत आणि लोककथांत ज्या झाडाझुडपांची नावे येतात ती तपासून २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हाच निष्कर्ष निघाला. हिवर, खैर, तरवड अशी उघड्या माळावरचीच झाडे शेकडो वर्षांपूर्वी लोकांच्या तोंडी होती. दख्खनचा माळ म्हणजे तोडलेले जंगल, हे त्यावरून टिकत नाही.

आणि तरीही वृक्षारोपणाचे खड्डे माळावरच खणले जातात. तेथे घरे नसतात, विहिरी नसतात, कोणी आडवे येत नाही. पांढुर्ण्याहून मुलताईच्या किंवा वरुडच्या बाजूस जाताना जी गवती टेकाडे लागतात, त्यांवर संत्र्याच्या बागा चढत गेल्या आहेत. त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. पण जी टेकाडे बागेला निरुपयोगी म्हणून उरली आहेत त्यांच्यावर तरी खड्डे खणण्यापूर्वी भाद्रपदात एक फेरी मारावी. सातपुड्याच्या या पट्ट्यात रोशा गवत उगवते. आपल्यापैकी काहीजण त्याला तिखाडी म्हणतात. इंग्रजी अमदानीत निमाड, बैतूल, मेळघाटच्या रानांत पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी भट्ट्या लागत, फुलावर आलेले रोशा कापून त्याचे तेल काढले जाई, ते मुंबईस जाई आणि तेथून पार इस्तंबूलपर्यंत, जेथे व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळीत. पडीक ठरविलेल्या जमिनीतून गुलाबाचा वास निघत होता.

असे टेकाड पुन्हा फुलते करावयाचे असेल तर आज ज्या पद्धती मान्य आहेत त्या खर्चाच्या नाहीत. नांगर लावू नये. शेणखत, युरिया काहीही घालू नये. घाणेरी आणि गाजर गवत बी धरण्याआधी उपटावे. गवत कापावयाचे ते बिया झडल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमारास, आणि कापलेले तेथे न ठेवता गंजीस न्यावे, म्हणजे माती श्रीमंत होत नाही. जेथील फुले नाहीशी झाली आहेत तेथे शेजारच्या शाबूत बरडावरचे बी धरलेले गवत कापून आणून पसरावे. बी त्यातून गळते आणि पुढल्या मृगात उगवते. बाजारातले रंगीत फुलांचे बियाणे मात्र टाकू नये, ते दुसऱ्या मुलखाचे असते. गुरे पाऊस सुरू होताना दीड-दोन महिने लांब ठेवून फुले सरल्यावर सोडावीत, आणि कोणत्या वर्षी काय उगवले याची वही ठेवावी. भांबुर्ड्यास बर्न्स आणि कुलकर्णी यांनी अशीच वही ठेवली होती.

वेण्णेच्या डोहातील ते जेलीफिश शंभर वर्षे लोटली तरी उन्हाळ्यात नदीचा ओघ मंदावला की पश्चिम घाटातील नद्यांच्या संथ पाण्यात अधूनमधून दिसतात. ज्या नद्यांवर धरणे झाली तेथे ते जलाशयांतही आढळले आहेत.